परसबागेसाठीचं कीड नियंत्रण किट: घ्यावं का सुटं आणावं?

बाटलीवर कडुनिंबाचा हिरवागार डहाळा छापलाय म्हणून आत कामाचं काही असेलच असं नाही बरं का, हे आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा त्यांचं एवढ्यावर भागेल. बाकीच्यांनी बसा निवांत, कारण मला लई सांगायचंय.

लातूरला आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा हाय अन् गच्चीवर कुंड्या. वांगे, मिरची, भेंडी, टमाटे, मांडवावर कारलं अन् दोडकं. घरापुरतं माळवं निघतं. यंदा पावसाळ्यात सगळ्यालाच काहीबाही व्हायलंय बघून गूळ मार्केटकडच्या एका कृषी केंद्रातून 'होम गार्डन' का काय लिहिलेलं तयार किट आणलं, साडेसहाशेच्या आसपास पडलं. आत निघालं काय तर नीम ऑइलची बाटली, पिवळी-निळी चिकट कार्डं, फळमाशीचा एक सापळा, ट्रायकोडर्माची पुडी (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी), हातपंप अन् एक रंगीत कागद. कंपनीचं नाव लिहीत बसत नाही, असली किट आता ढिगानं मिळायलीत अन् आतला मालमसाला बहुतेक असाच असतो.

आता बाटली. दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हे कशाकशावर चालतं?" तर म्हणे, "ताई, सगळ्यावर चालतंय, बिनधास्त मारा." सगळ्यावर चालणारं औषध म्हणलं की मी पहिले लेबल वाचते. कडुनिंबाच्या औषधात खरं काम करतं ते अझाडिरॅक्टिन, अन् ते किती हाय ते पीपीएममध्ये (म्हणजे दहा लाख भागात किती भाग) लिहिलेलं असतं. ३००, १५००, १०,००० असे आकडे असतात, १५०० म्हणजे ०.१५ टक्के आणि १०,००० म्हणजे १ टक्का. या बाटलीवर १५०० होतं, घरच्या बागेला तेवढं बास, लिटरला ५ मिली टाकायचं. पण त्याच दुकानात शेजारी दुसरी मोठी बाटली होती, स्वस्त, नुसतं 'शुद्ध नीम तेल' लिहिलेलं, ना पीपीएम, ना नोंदणी क्रमांक, ना नीट तारीख. ती नका घेऊ. तारीख तर बघाच, कारण हे औषध ठेवून ठेवून आपोआप कमजोर होतं, त्यात आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात मालाचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

मारायचं संध्याकाळी. उन्हानं अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, अन् भर उन्हात तेलकट फवारा मारला की पानं करपतात, काकडी-दोडक्याची तर लवकरच. संध्याकाळी मारल्यानं मधमाश्यांनाही त्रास कमी. अन् पानाच्या वरून नाही हो, पान उलटं करून खालून मारायचं, मावा अन् पांढरी माशी खालीच बसलेली असते. किटमधल्या कागदावर यातलं 'संध्याकाळी मारा' एवढंच हाय, खालून मारा कुठंच नाही, जे खरं म्हणजे सगळ्यात मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

अजून एक, हे खास आपल्याकडल्या लोकांसाठी. बोअरचं पाणी जड असलं की साबणाचा फेसच होत नाही, हे कपडे धुणारीला सांगायची गरज नाही, अन् साधं कच्चं नीम तेल पाण्यात मिसळायला साबणच लागतो. त्यामुळं जड पाण्यात तेल वर तरंगत राहतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं अन् शेवटी नुसतं तेल. किटमधल्या बाटलीत तेल पाण्यात मिसळणारं घातलेलं होतं, पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, तो त्रास नाही झाला. कच्चं तेल वापरणार असाल तर पावसाचं साठवलेलं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या. फिल्टरचं पाणी झाडावर फवारायलीस म्हणून घरात बोलणी बसतील ती वेगळी.

फरक पडला का? पडला, पण सगळीकडं नाही. चवळीवरचा मावा गेला, भेंडीवरचे तुडतुडे बरेच कमी झाले. लगेच नाही हं, या औषधानं कीड जागेवर मरून पडत नाही, तिचं खाणं बंद होतं, कात टाकता येत नाही, असं करत करत संपते. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून बाटली फेकून देणारे लोक मला माहीत हायत. आठवड्यानं परत मारावं लागतं. वांग्यातल्या अळीला मात्र काही होत नाही, ती एकदा शेंड्यात नाहीतर फळात घुसली की बाहेरून काहीही मारा. तिथं कात्रीच कामाची, शेंडा मान टाकलेला दिसला की खालून कापायचा अन् अळीसकट नष्ट करायचा, तिथंच बुडाशी टाकायचा नाही. मिरचीच्या बोकड्याचं, म्हणजे पानं आकसून वळतात त्याचं, पण तसंच. पानं वर वळली असतील तर बहुतेक फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी (जाळं विणणारा नाही, डोळ्याला जेमतेम दिसणारी बारीक कीड), अन् विषाणू आला असेल तर उपटून टाका, कोणतीच बाटली उपयोगाची नाही.

आता कार्डं. अख्ख्या किटमध्ये पैसा वसूल यातच झाला. पिवळ्यावर पांढरी माशी, मावा, नागअळीची माशी चिकटते, निळ्यावर फुलकिडे. यानं बाग साफ होत नाही, दुकानदार काहीही म्हणो, पण काय आलंय अन् किती आलंय हे पानावर दिसायच्या आधी कार्डावर दिसतं, अन् कडुनिंबाचं औषध लवकर मारलं तरच चालतं, त्यामुळं ही दोन्ही एकमेकांशिवाय अर्धीच. कार्ड झाडाच्या शेंड्याच्या जरासं वर टांगायचं, झाड वाढलं की तेही वर घ्यायचं. अन् जिकडं तिकडं कार्डं लावत सुटू नका, त्यावर मावा खाणारे ढालकिडे पण चिकटतात, अन् भिंतीजवळ लावलं तर पाल चिकटते, मग ती सोडवायची कोणी यावरून घरात वेगळाच कार्यक्रम.

सापळ्याचं मात्र डोकं फिरवलं. कापूस लावणाऱ्या घरात बोंडअळीचे कामगंध सापळे सगळ्यांनी बघितलेत, हे तसंच, वासानं नर येतात अन् अडकतात. फळमाशीला दोन वेगळे वास लागतात. कारलं, दोडकं, दुधी, काकडीवरच्या माशीला 'क्यू ल्यूर', अन् आंबा-पेरूवरच्या माशीला 'मिथिल युजेनॉल'. भाजीपाल्याच्या किटमध्ये यांनी घातला मिथिल युजेनॉल! पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. दुकानात बदलून मागितला तर म्हणे एकच हाय ताई, माशी ती माशीच. नाही ना भाऊ. शेवटी तो सापळा शेजारच्यांच्या पेरूला देऊन टाकला अन् क्यू ल्यूर सुटा आणला, मग कारल्याच्या मांडवात माशा अडकायला लागल्या. तरी फक्त नरच अडकतात, माद्या मोकळ्याच, म्हणून कोवळ्या कारल्याला कागदाची पिशवी बांधणं अन् किडकी फळं खोल पुरणं सुटत नाही. किडकं कारलं उकिरड्यावर फेकलं की त्यातल्या अळ्या मातीत जाऊन परत माशाच होऊन येतात.

ट्रायकोडर्मा चांगला निघाला, तारीख पण ताजी होती. शेणखतात मिसळून ओलसर करून सावलीत आठवडाभर ठेवला अन् मग वाफ्यात टाकला, टमाट्याची रोपं बुडातून कोलमडायची ती यावेळी नीट राहिली. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर मिसळायचा नाही, ही पण जिवंत बुरशीच हाय, मरून जाईल. तसं यासाठी किटच पाहिजे असं नाही, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (असल्याच उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) मिळतं, हळद-अद्रकवाले शेतकरी कंदकुजीसाठी नेतात. १८ मेला विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो, तेव्हा खरीप मेळावा भरतो, कोणी जाणार असेल तर पिशवी मागवून ठेवायची. भेंडीचं बी पण बघायला सांगा, 'परभणी क्रांती' हा वाण याच विद्यापीठाचा, केवड्याला दाद न देणारा म्हणून नावाजलेला, आता पहिल्यासारखा दम राहिला नाही पण साध्या बियाण्यापेक्षा मला बराच वाटतो. केवडा म्हणजे भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात तो, पांढऱ्या माशीमुळं पसरणारा विषाणू, झाड उपटायचं.

त्या रंगीत कागदावर टमाट्याचा बुड काळा पडलेला फोटो देऊन खाली औषधाचं नाव छापलंय, ते वाचून राग आला. तो रोगच नाही! पाणी कधी भरभरून कधी नाहीच असं झालं की झाडाला कॅल्शियम फळापर्यंत पोचवता येत नाही अन् बुड काळा पडतो. आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं असतं, त्यामुळं आला दिवस की बादल्या ओतायच्या अन् मग कोरडं. थोडं थोडं रोज द्या अन् बुडाशी पाचट-पालापाचोळा अंथरा, फवारणीचा खर्च वाचेल.

गोगलगायीवर किटमध्ये काहीच नाही. २०२२ ला लातूर-बीडकडं सोयाबीन शंखी गोगलगायींनी फस्त केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना भीती काय ते कळेल. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं रात्री वाफ्याजवळ टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकायच्या, हातमोजे घालून. विषारी गोळ्या दुकानात मिळतात, पण घरात कुत्रं असेल, लहान लेकरं असतील तर नकोच.

पंप दिसायला नाजूक पण चांगला चालतोय, नोझल बारीक हाय, तेल मारून झालं की लगेच साध्या पाण्यानं धुवा नाहीतर तुंबतो, मग सुईनं टोचत बसा. अख्ख्या किटला पाचपैकी तीन देईन, कार्डं अन् ट्रायकोडर्मामुळं, सापळा बरोबर दिला असता तर चार. परत अख्खं किट नाही घेणार, सुटं घेतलं तर तेवढ्याच पैशात कार्डं जास्त येतात. अन् पुढच्या वर्षीच्या औषधासाठी पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्या वेचून सावलीत वाळवायच्या, लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळायची अन् त्याच दिवशी मारायची. आमच्या गल्लीत कडुनिंब चार घरं सोडून हाय, निंबोळ्या झाडून कचऱ्यात जातात, कोणाला विचारायची पण गरज नाही.