लघवीचा नमुना: पिशवी की नळी?

दोन वर्षांखालच्या बाळाला सणसणून ताप, पण ना सर्दी ना खोकला. मग लघवी तपासायला हवीच. लघवीच्या जागेभोवती चिकटवायची पिशवी सोपी, दुखतही नाही. पण त्वचेवरचे, शीच्या जागेचे जंतू तिच्यात उतरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) उगाचच पॉझिटिव्ह येतं. पिशवीतल्या लघवीची साधी तपासणी स्वच्छ आली, तर लघवीच्या संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. तिचा खरा उपयोग एवढाच.

लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून घेतलेला नमुना भरवशाचा. त्यात एकाच जातीचे जंतू मिलिलिटरमागे ५०,००० किंवा अधिक आणि सोबत पांढऱ्या पेशी (पू-पेशी) वाढलेल्या, तर निदान पक्कं धरतात. बाळ मिनिटभर रडतं, आईबाप जरा जास्तच. तरी अँटिबायोटिक द्यायचं ठरलं असेल तर मी नळीच म्हणेन, तीही पहिल्या डोसच्या आधी. एका डोसनंतरही कल्चरमध्ये जंतू वाढेनासे होऊ शकतात.