दगड सपाट करायला काचेवर वॉटर पेपर की डायमंड प्लेट?

पाण्यावर चालणारे धारेचे दगड घेतले की त्यांच्या मधोमध खळगा पडणार, हे तुम्हाला माहीत असेलच. हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक) मऊ दगड तर फारच लवकर झिजतो. रंध्याच्या पात्याला त्यामुळे आलेली थोडी गोलाई एक वेळ चालते, पण पटाशीच्या पाठीला अजिबात चालत नाही. पाठ फुगली की पटाशी खाचेच्या भिंतीला टेकून सरळ उतरत नाही, भलतीकडे सरकते. त्यामुळे दगड सपाट करावाच लागतो. मी त्यासाठी दोन्ही गोष्टी बराच काळ वापरल्या आहेत: जाड काचेवर वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, आणि डायमंड प्लेट, म्हणजे बारीक हिऱ्यांचे कण बसवलेली धातूची पाटी.

लादीवर वाळू-पाणी टाकून दगड घासणारे मेस्त (सुतार) आपल्याकडे आहेत. ऑइल स्टोनला, म्हणजे तेलावर चालणाऱ्या दगडाला, तेवढं पुरतंही, पण लादीला हळूहळू स्वतःचा खळगा पडतो. दोन दगड एकमेकांवर घासायचे, तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊन दोन्ही तंतोतंत बसू शकतात. खरी सपाटी मिळवायला तीन पृष्ठभाग आलटून पालटून घासावे लागतात. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये हीच रीत मांडली होती. घरच्या कामाला एवढा व्याप कोण करणार?

काच-कागदाची बाजू भक्कम आहे. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, म्हणून आपल्या कामापुरती ती सपाटच असते. १० किंवा १२ मिलिमीटरचा तुकडा काचवाल्याकडे स्वस्तात मिळतो. २२० नंबरचा वॉटर पेपर फोंड्यात काय, म्हापशात काय, रंगाच्या कुठल्याही दुकानात असतो. दगडावर पेन्सिलीने चौकडी आखायची आणि ती पूर्ण पुसली जाईपर्यंत घासायचं.

मला खटकलं ते त्या ओल्या कागदाचं वागणं. दगड पुढे ढकलला की त्याच्या समोर कागदाची बारीक लाट उठते. दगडाची कड त्या लाटेवर चढते आणि तिथेच जास्त खाल्ली जाते. चौकडी तर सगळी पुसली जाते, पण दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं की दोन्ही टोकांना फट दिसते. स्प्रे गोंदाने कागद चिकटवला की लाट थांबते खरी, पण मग तो सोलून काढणं आणि काच खरवडत बसणं आलं. पावसाळ्यात कागद काचेवर तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी कडा वळलेल्या असतात. एवढी मांडामांड करायची म्हटल्यावर माणूस ‘आज राहू दे’ म्हणतो, आणि खळगा वाढत जातो. चवथीआधी माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट, पाट, देव्हाऱ्याची दुरुस्ती अशी कामं एकदम अंगावर येतात, तेव्हा तर हमखास.

डायमंड प्लेट नळाखाली धरली, दगडावर दहा-वीस हात फिरवले की झालं. प्रत्येक वेळी धार लावण्याआधी मी हे करतो, त्यामुळे दगड फारसा बिघडतच नाही. माझ्या मते कागदापेक्षा तिचा खरा फायदा हाच.

तिच्याही खोडी आहेत. किंमत चांगल्या पटाशीपेक्षा जास्त पडू शकते. नव्या प्लेटचे सैल हिरे सुरुवातीला सुटतात, म्हणून नंतर दगड नीट धुवावा, नाहीतर पात्यावर ओरखडे येतात. सहा-आठ हजार ग्रिटच्या बारीक दगडाला प्लेट गच्च चिकटते. नळाची बारीक धार चालू ठेवली की सुटते. आपल्या दमट हवेत ती ओली ठेवू नये, पुसून कोरडी करावी. आणि घेतल्या घेतल्या स्टीलची पट्टी लावून प्लेटच सपाट आहे ना, हे बघावं. सगळ्याच तशा असतील असं मी म्हणणार नाही.

वर्षातून क्वचित पटाशी हातात घेणाऱ्याला, किंवा ज्याच्याकडे फक्त ऑइल स्टोन आहे त्याला, काच-कागद पुरे. पाण्याचे दोन-तीन दगड आणि दर आठवड्याला काम असेल, तर मी प्लेटचे पैसे आधी बाजूला काढेन, तिसरा दगड नंतर घेईन. फक्त २२० ग्रिटचा खरबरीत दगड प्लेटवर घासू नका. त्याचे सुटे कण हिरे धरून ठेवणारं निकेल खातात. त्या दगडासाठी काचेवर कार्बोरंडम पावडर (घासायची खरखरीत भुकटी) आणि पाणी वापरा, आणि बारीक दगड हातात घेण्याआधी सगळं स्वच्छ धुऊन टाका.