‘प्युअर सागवान’ आणि पॅकिंग न काढण्याची ताकीद

फर्निचरच्या प्रदर्शनात ज्या टेबलावर हात फिरवून तुम्ही पैसे भरता, ते टेबल तुमच्या घरी येत नाही. ते तिथेच राहतं, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. तुमच्याकडे येतो तो ‘फ्रेश पीस’. आमच्या फसवणुकीचं सगळं सार एवढंच आहे, पण ती किती बेतून केली होती हे तपशिलात गेल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहिते. विक्रेत्याचं नाव देत नाही.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. दोन खोल्या पर्यटकांना देतो. स्वयंपाक माझा, बाकीचं नवरा बघतो. येणाऱ्या प्रत्येकाला जेवायला बाहेर, अंगणातच बसायचं असतं, आणि जेवून झालं तरी तास-दीड तास कुणी उठत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उन्हाने पांढऱ्या पडून दोन हंगामांत तडकत होत्या. म्हणून सहा जणांचं चांगलं, बारा महिने बाहेर राहील असं टेबल घ्यायचं ठरलं.

बाहेरच्या फर्निचरच्या नावाखाली बाजारात जे दिसतं त्यातलं निम्मं जेवायच्या कामाचं नसतं, हे आधी सांगते. फोटोत झोकदार दिसणारे वेताचे सोफे आणि त्यांच्यापुढचं सोळा-अठरा इंची टेबल चहा-बिस्किटांपुरतं ठीक. त्यावर सुरमईचं ताट ठेवून जेवायचं म्हणजे माणूस घडी घालून बसवावा लागतो. जेवायचं टेबल साधारण ३० इंच उंच हवं, खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर, आणि माणशी दोन फूट जागा. सहा जणांना सहा बाय तीन फूट. हे सगळं आम्ही मोजून, कागदावर लिहून पुण्याच्या प्रदर्शनात गेलो होतो.

मोठ्या मैदानावर मांडव, ‘एक्स्पोर्ट सरप्लस’, ‘शेवटचे दोन दिवस’ वगैरे पाट्या. एका स्टॉलवर आमच्या मापाचं टेबल होतं. विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, “घर कुठे आहे, मॅडम?” समुद्राकाठी म्हटल्यावर तो म्हणाला, “मग लोखंड अजिबात घेऊ नका. खाऱ्या वाऱ्यात वेल्डिंगपासून गंज धरतो. वर सागवान, खुर्चीला अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि वीण सिंथेटिक.” स्टीलचे पाय चालतील का, असं नवऱ्याने विचारलं. त्यावर त्याने स्टेनलेस स्टीलच्या २०२ आणि ३०४ या दोन प्रतींमधला फरकसुद्धा समजावला. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून किनाऱ्यावर त्याला लवकर डाग पडतात. दोन्हींना चुंबक चिकटत नाही, म्हणून चुंबकावर विसंबू नका.

या माणसाने दिलेली माहिती अगदी बरोबर होती. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून पाणी आणि वाळवी त्याला सहसा बाधत नाही, हे खरं. उन्हापावसात ते करडं पडतं पण कुजत नाही, हेही खरं. “बल्लारशाचा माल आहे, अयोध्येच्या मंदिराला २०२३ मध्ये जिथून सागवान गेलं तिथला,” असंही तो म्हणाला. बल्लारपूरच्या, म्हणजे बल्लारशाच्याच, वन विकास महामंडळाच्या डेपोतून ते लाकूड गेलं होतं, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली. खोटारडा माणूस चुकीचं बोलताना सापडेल अशी आपली समजूत असते. हा ज्ञान खरं देत होता आणि माल खोटा.

स्टॉलवरचं टेबल खरंच सागवानी होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. त्याने त्यावर पाणी ओतलं, पुसलं. खुर्ची मला एका हाताने उचलायला लावली, मग स्वतः तिच्यावर उभा राहिला. विणीला लायटर लावून दाखवला. बरोबर आलेला भाचा हे सगळं मोबाइलवर टिपत होता, त्याला रील करायचं होतं. टेबल उलटं करून खालची बाजूही त्याने टिपली. त्या पोराच्या हौसेचा पुढे फार उपयोग झाला.

“हेच टेबल द्याल का?” असं मी विचारलं. “सॅम्पल आम्ही देत नाही, मॅडम. याला हजार हात लागलेत. तुम्हाला फॅक्टरीतून फ्रेश पीस येईल.” ऐकायला किती सौजन्याचं वाटतं! सेटची किंमत ६८,०००. निम्मे तिथे क्यूआर कोडवर भरले, निम्मे माल पोचल्यावर. कोड स्कॅन केल्यावर फोनवर स्टॉलच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं. “आमचे पार्टनर आहेत.” बिलावर लिहिलं होतं ‘वुडन डायनिंग सेट ६ सीटर’. सागवान लिहा म्हटल्यावर उत्तर तयार होतं: “सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच येतं, मॅडम. कॅटलॉगवर आहे ना सगळं.”

माल आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. सगळं बबल रॅप आणि पुठ्ठ्यात घट्ट गुंडाळलेलं. ड्रायव्हर म्हणाला, “पॉलिश ओलं आहे. चार-पाच दिवस पॅकिंग काढू नका, नाहीतर डाग पडतील आणि वॉरंटी जाईल.” उरलेले पैसे रोख दिल्याशिवाय तो गाडी रिकामी करायला तयार नव्हता. पावती कंपनी पाठवेल म्हणाला. तेवढ्यात मुक्कामाला आलेली मंडळी दारात उभी.

चार दिवसांनी पॅकिंग काढलं तर सेट चांगला चकचकीत दिसत होता. खुर्च्या थोड्या जड वाटल्या, पण कुशनमुळे असतील असं नवरा म्हणाला. हिवाळा आणि मे महिना त्याच टेबलावर पार पडला. जूनच्या सरी सुरू झाल्यावर टेबलाच्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसू लागले, मग कडेला बुरशी. खुर्च्यांच्या पायांतून फरशीवर तांबूस ओघळ आले. एका पायाखाली पिठासारखा भुसा साचायला लागला.

वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी टेबल उलटं केलं, खालून पटाशीने जरा खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, “वहिनी, ह्यो सागवान नाय. ह्यो रबर.” त्यांनी काही वर्षं दोडामार्गाकडे काम केलेलं. तिथे केरळी लोकांच्या रबराच्या बागा आहेत, त्यामुळे हे लाकूड त्यांच्या ओळखीचं. सागवान ताजं कापलं की चामड्यासारखा तेलकट वास येतो, इथे तसं काही नव्हतं. रंग वरवरचा, आत फिकट पिवळसर. सागवानाच्या कापलेल्या टोकाला वर्षावर्षाची कडी दिसतात, इथे नुसती बारीक छिद्रं. आणि पुट्टीखालून नागमोडी सांधे निघाले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. रबराचं लाकूड फळीत येतं ते बहुधा अशा लहान तुकड्यांच्या जोडाचंच.

रबरवुड हे काही टाकाऊ लाकूड नव्हे. झाड पंचवीस-तीस वर्षांचं झालं की त्याचा चीक उतरतो, मग ते तोडून त्याचं फर्निचर करतात आणि घरात ते छान टिकतं. पण त्यात स्टार्च भरपूर, म्हणून कीड आणि बुरशी दोघांनाही ते आवडतं. त्यावर उपाय म्हणून बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी लाकडात मुरवतात. हे क्षार पाण्यात विरघळणारे, म्हणजे कोकणातल्या पावसात ते धुऊनच जाणार. हे टेबल बाहेर कुजणारच होतं आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर त्याने लोखंडाबद्दल आणि निकेलबद्दल मला एवढं शिकवलं नसतं.

खुर्चीची वीण एका पायाजवळ बाजूला करून काकांनी चुंबक धरलं. टक्कन चिकटलं. स्टीलच्या बाबतीत चुंबक फसवतं, अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत नाही. आत काळा लोखंडी पाइप होता आणि विणीने झाकल्या जाणाऱ्या भागाला पावडर कोटिंगच नव्हतं. पॉलिशची गोष्ट ऐकून तर काका हसत सुटले. ओल्या पॉलिशवर बबल रॅप गुंडाळला तर त्याचे गोल छाप उमटतात. पॉलिश वाळल्याशिवाय कुणी पॅक करत नाही. ती ताकीद एवढ्याचसाठी होती की ड्रायव्हर असेपर्यंत आम्ही माल बघू नये.

फोन केला तर आधी “सागवानातही असे डाग पडतात, मॅडम, नॅचरल आहे,” मग “टेक्निशियन पाठवतो,” मग नंबर बंद. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. हे तपासायला मिनिटही लागत नाही आणि लॉगिनही लागत नाही. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. स्टॉलवाला सांगतो ती फॅक्टरी आणि ते आकडे जुळत नसतील तर तिथेच दोन प्रश्न विचारावेत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथले लोक नीट बोलतात, पण ते निवाडा देत नाहीत. तक्रार विक्रेत्याकडे पाठवून समेट होतो का ते पाहतात. विक्रेता उत्तरच देत नसेल तर गाडी तिथेच थांबते. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. चुलत दिराचा मुलगा वकील, त्याने दोन गोष्टी केल्या ज्या मला सुचल्या नसत्या. एक, प्रदर्शनाच्या आयोजकालाही सामनेवाला केलं, म्हणजे तक्रार त्यांच्याविरुद्धही केली, कारण त्यांच्या पत्रकावर ‘सर्व स्टॉल तपासलेले’ असं छापलेलं होतं. दोन, भाच्याचा व्हिडिओ जोडून १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १७ पुढे केलं. नमुना दाखवून विक्री केली तर माल नमुन्याबरहुकूमच हवा, असं ते कलम सांगतं. व्हिडिओत विक्रेत्याच्या तोंडी ‘प्युअर सागवान’ आहे, आणि उलटं केलेल्या टेबलाला एकही नागमोडी सांधा नाही.

मग विक्रेता अचानक जिवंत झाला. वकिलामार्फत उत्तर आलं: आम्ही ‘हॉटेल व्यवसायासाठी’ खरेदी केली, सबब आम्ही ग्राहकच नाही. न्याहारी-निवास चालवणाऱ्या सगळ्यांनी हे नीट वाचा, कारण हेच उत्तर तुम्हालाही मिळेल. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचं संरक्षण नाही हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या व्यापारी हेतूत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात याचा खुलासा करताना स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे: तो ग्राहकच. आमच्याकडे नोकर-चाकर नाहीत, भाकऱ्या मीच थापते, हे शपथपत्रावर लिहून दिलं.

आयोजकाला आपलं नाव त्यात नको होतं. त्यांनीच विक्रेत्याला गाठलं आणि प्रदर्शनात भरलेले ३४,००० परत मिळाले. सेट पुरावा म्हणून पडवीत झाकून ठेवला आहे. अंगणात आता काकांनी चिऱ्याच्या दोन खांबांवर कडाप्पा बसवून दिलाय, मापं तीच.

उरलेल्या ३४,००० चं प्रकरण अजून आयोगापुढे आहे. ड्रायव्हरला रोख दिलेले पैसे मिळालेच नाहीत, असं विक्रेत्याचं म्हणणं. त्या रात्री नवऱ्याच्या फोनवर ‘बॅलन्स मिळाला, थँक यू’ असा मेसेज आला होता, तो आम्ही जोडला आहे. त्यावर त्यांचं उत्तर असं की तो नंबर एका कामगाराचा आहे आणि तो कामगार काम सोडून गेला.