डॉक्युमेंट होल्डर: तीन घेतले, एक टिकला

हाताने लिहिलेल्या वह्या आणि प्रिंटआउट बघून टाइप करणं हे माझं रोजचं काम, दिवसाला पाच-सहा तास तरी, आणि कितीतरी वर्षं तो कागद कीबोर्डच्या डावीकडे टेबलावर सपाट पडलेला असायचा. खाली बघा, वर बघा, परत खाली, आणि मग "अरे कुठली ओळ होती?" संध्याकाळपर्यंत मानेची डावी बाजू अशी आखडायची की मागून कोणी हाक मारली तर अख्खी खुर्ची फिरवायला लागायची. खुर्ची बदलून झाली, मॉनिटरखाली जाडजूड पुस्तकं रचून तो उंच करून झाला, तरी दुखणं जैसे थे. उलट वाढलं! कारण स्क्रीन वर गेली आणि कागद होता तिथेच, म्हणजे मानेची फेरी आणखी लांबली. एवढी साधी गोष्ट कळायला मला किती महिने लागले ते सांगत नाही. डोकं असतं साधारण ४.५ ते ५ किलोचं, ते सरळ मानेवर पेललं जातं, पण पुढे झुकवून ठेवलं की मागच्या स्नायूंना ते दिवसभर ओढून धरायला लागतं.

शेवटी डॉक्युमेंट होल्डर, म्हणजे टाइप करताना बघायचा कागद नजरेसमोर धरून ठेवणारा आधार, घ्यायचं ठरवलं. पहिला घेतला तो स्क्रीनच्या कडेला लावायचा क्लिपवाला. जागा अजिबात खात नाही, आणि कागद स्क्रीनच्या शेजारी, त्याच उंचीला, त्याच अंतरावर येतो, त्यामुळे डोळ्यांना दरवेळी नव्याने फोकस करायला लागत नाही, हे सगळ्यात भारी. पण वजन! ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे दोन-चार कागदांचं काही नाही, पण ५० पानांचा गठ्ठा पाव किलो झाला की. मी हौसेने तो लॅपटॉपला लावला आणि त्यात वही अडकवली, तर स्क्रीनच हळूहळू मागे लवंडायला लागली, नाकापेक्षा मोती जड. एखादा फॉर्म किंवा पत्र बघून टाइप करायचं असेल तर मस्त आहे, वही-फाइलवाल्यांनी नादी लागू नये. आणि मॉनिटरला कडाच नसल्यासारखी असेल किंवा पडदा वक्र असेल तर क्लिप नीट बसतच नाही, ते आधी बघा.

दुसरा टेबलावर उभा करायचा स्टँड. प्लास्टिकचा, हलका, मागचा पाय घसरायचा, स्पायरल वही ठेवली की पाचव्या मिनिटाला साष्टांग नमस्कार. पण सगळा दोष त्याचा नाही, मी तो मॉनिटरच्या बराच अलीकडे ठेवला होता आणि डोळे थकतात म्हणून कुरकुर करत होते, मॉनिटरच्या रेषेत मागे सरकवल्यावर बराच फरक पडला. तरी मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहायची, म्हणून मग एक आठवडा डावीकडे, एक आठवडा उजवीकडे असं चाललं. चाललं म्हणजे काय, कंटाळून सोडलं.

तिसरा तो टिकला. कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मध्ये बसणारा उतरता, ॲक्रिलिकचा, वाचनाच्या उतरत्या डेस्कसारखा. कागद समोरच, त्यामुळे मान वळवणं बंद, नजर फक्त थोडी खाली. जाड वही आरामात बसते आणि त्याच्यावरच पेनाने खुणाही करता येतात. मी टाइप करताना मधूनमधून कीबोर्डकडे बघते (हो, अजूनही), तर कीबोर्ड, कागद, स्क्रीन सगळं एका सरळ रेषेत आलं हे माझ्यासाठी सोन्याहून पिवळं. न बघता टाइप करणाऱ्यांना मात्र बाजूचा होल्डरही चालेल, त्यांची नजर कागद आणि स्क्रीन एवढीच फिरते. आणि ज्यांना जास्त वेळ कागदच वाचायचा असतो, स्क्रीनकडे अधूनमधून बघायचं असतं, त्यांनी सरळ कागद समोर ठेवावा आणि मॉनिटर बाजूला करावा, हे फारसं कोणी सुचवत नाही.

या तिसऱ्याची खोड म्हणजे टेबलाची खोली. माझं टेबल पुढच्या काठापासून मागेपर्यंत ६० सेंटीमीटर, होल्डर मध्ये आल्यावर कीबोर्ड पार काठावर आला आणि मनगटं हवेत. शेवटी मॉनिटर भिंतीला टेकवला तेव्हा जमलं. स्क्रीन डोळ्यांपासून ५० ते १०० सेंटीमीटरवर असावी म्हणतात, त्यात बसतंय, पण टेबल लहान असेल तर घेण्याआधी टेप लावून मोजाच. होल्डरची मागची कड उंच असेल तर स्क्रीनचा खालचा भाग झाकला जातो, माझा टास्कबार अर्धा गायब झाला होता, उतार एक खाच कमी केल्यावर दिसला. चकचकीत ॲक्रिलिकवर ट्यूबलाइट चमकते ती वेगळीच, कागद ठेवलेला असला की तेवढं जाणवत नाही.

ओळ दाखवणारी सरकती पट्टी मात्र दुसऱ्याच महिन्यात तुटली. सध्या पारदर्शक फूटपट्टीला रबरबँड लावून काम चाललंय, आणि खरं सांगू का, मूळ पट्टीपेक्षा ही जास्त नीट सरकते.