'थांब' म्हटल्यावर थांबतो का? कच्चा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सहायकाचा वापरानंतरचा अनुभव

या सहायकासाठी घेतलेला स्पीकरफोन पावसाळ्यात मेला आणि सेवा केंद्राने हात वर केले, म्हणून हे आत्ता लिहितेय. नाहीतर दिवाळी अंकांची धामधूम आटोपल्यावर निवांत लिहिणार होते.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, घरूनच संपादन आणि मुद्रितशोधन करते. मानेमुळे स्क्रीनसमोर बसणं कमी करायचं ठरलं, तेव्हा ऐरोलीच्या भाच्याने लॅपटॉपवर हा वाचून दाखवणारा सहायक जुळवून दिला. सहायक मजकूर वाक्यावाक्याने वाचतो, मी मध्येच तोंडी शेरा देते, तो शेरा त्या वाक्याला चिकटतो. बोललेलं ओळखून लिहून काढायला व्हिस्पर नावाचं मॉडेल. ते २०२२ पासून फुकट उपलब्ध आहे , तेव्हा त्याची कुंडली मांडत नाही. एवढंच सांगते, भाषा मराठी म्हणून पक्की करून ठेवा, ओळखायचं त्याच्यावर सोडलंत तर छोटा शेरा हिंदीत जातो. आणि शांततेत ते मनाचंच काहीतरी लिहितं, त्यामुळे कुणी बोलत असेल तेव्हाच त्याच्याकडे आवाज पाठवायचा.

मला बोलायचंय ते 'थांब'बद्दल.

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, असं वेगवेगळ्या भाषांच्या अभ्यासात दिसलंय. आमचा सहायक सुरुवातीला 'थांब' ऐकून थांबेपर्यंत पुढचं अख्खं वाक्य वाचून मोकळा व्हायचा. एका कथेत आजीचं वय आधी सत्तर होतं, चार पानांनी पासष्ट झालं. मी तिथेच ओरडले, 'थांब, वय जुळत नाही.' शेरा जाऊन चिकटला पुढच्या वाक्याला, ज्यात अंगणात कुत्रा झोपला होता. लेखकाचा फोन आला, "ताई, कुत्र्याचं वय मी लिहिलंय कुठे?"

भाचा म्हणाला, "मावशी, अगं एका सेकंदाचा तर उशीर आहे." एका सेकंदाचाच! मुद्रितशोधनात बोट चुकीच्या ओळीवर गेलं तर उपयोग काय त्या बोटाचा? तेव्हापासून नवीन काही जोडायचं नाही, आधी थांबायचं बघ, हे मी लावून धरलं.

उशीर एका जागी नव्हता. आधी सहायक माझं बोलणं संपायची वाट बघायचा, मग व्हिस्पर ते लिहून काढायचं, मग तो शब्द 'थांब' आहे का ते बघायचं, आणि तोवर पुढचा आवाज वाजायला रांगेत तयार असायचा. यावर भाच्याने केलेला उपाय मला आधी अडाणी वाटला होता. शब्द ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही, माणसाचा आवाज आला की वाचन बंद. काय बोलले ते नंतर सावकाश बघायचं. आवाज बोलण्याचा आहे की नुसता गोंगाट, हे ओळखणारं सिलेरो नावाचं छोटं फुकट मॉडेल आहे, साध्या लॅपटॉपवरही ते क्षणात निकाल देतं. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग याला ते बधत नाही. भंगारवाल्याची हाक आली की मात्र सहायक अदबीने थांबतो. थांबू दे. उगाच थांबला तर 'पुढे' म्हटलं की झालं. न थांबल्याचा मनस्ताप कुत्र्याच्या वयाएवढा आहे.

शेऱ्याचं मूळ ध्वनिमुद्रणही वाक्याबरोबर ठेवायला लावलं. व्हिस्परने माझं मराठी वाकडंतिकडं लिहिलं तरी ऐकून खात्री करता येते.

आता स्पीकरफोन. लॅपटॉपचा माइक सहायकाचा स्वतःचाच आवाज ऐकायचा. सुरुवातीच्या पद्धतीत कथेतली बाई नवऱ्याला 'थांब ना जरा' म्हणाली की हा स्वतःच थांबायचा, आणि नव्या पद्धतीत तर तोंड उघडल्या उघडल्या गप्प. म्हणून प्रतिध्वनी वजा करणारा स्पीकरफोन घेतला, जिवावर उदार होऊन काही हजार मोजले. काम चोख करायचा, हे मान्य. जुलैत त्याचा माइक गेला. वागळे इस्टेटमधल्या केंद्रात बिल, खोकं, वॉरंटी सगळं घेऊन गेले. उत्तर मिळालं, आत ओल आहे, वॉरंटीत बसत नाही. ठाण्यात जुलैत ओल नाही अशी वस्तू मला दाखवा! दुरुस्तीचा अंदाज सांगितला तो नव्याच्या निम्म्याहून जास्त. वस्तू उचलली आणि घरी आले.

येताना स्टेशनजवळ दीडशे रुपयांचा वायरवाला, माइक असलेला इअरफोन घेतला. सहायकाचा आवाज थेट कानात, माइकपर्यंत पोचतच नाही, मग वजा करायचंच काय? जे काम हजारोंनी केलं ते दीडशेत झालं. भाच्याचे ब्लूटूथवाले वापरून पाहिले, पण माइक सुरू झाला की आवाज जुन्या फोनसारखा होतो आणि वर थोडा उशीर. उशीर म्हटल्यावर विषय संपला.

वाचणाऱ्या आवाजाबद्दल माझं मत पार फिरलं. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचा आरोही हा मराठी आवाज होता आणि मी त्यावर फिदा होते. पण तो इंटरनेटवरून येतो, म्हणजे लेखकाचा अप्रकाशित मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. लेखकांना न विचारता हे मला पटेना. एकदा नेट गेलं म्हणून ईस्पीक एनजी हा नेटशिवाय चालणारा आवाज लावला. डब्यात बसून बोलल्यासारखा आवाज, शब्दातला 'अ' कुठे गिळायचा याचाही पत्ता नाही. आठवडाभर चिडचिड झाली. मग लक्षात आलं, आरोही लंगडं वाक्यसुद्धा गोड करून वाचायची. ईस्पीक काही झाकत नाही. एका परिच्छेदात चार वेळा आलेलं 'मात्र' टोचतं, क्रियापदाची वाट बघायला लावणारं वाक्य दम काढतं. शिवाय तो लॅपटॉपवरच चालतो, हलका आहे, जागच्या जागी थांबतो. अंध वापरकर्त्यांच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये तो आधीपासूनच असतो आणि अनेक जण तो भन्नाट वेगाने ऐकतात. मीही आता वेग बराच वाढवलाय.

मुद्रितशोधनाला मात्र हा पुरेसा नाही. 'आणि' आणि 'आणी' कानाला सारखेच. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम पाठ असले तरी ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कसं पकडणार? ती फेरी डोळ्यांनीच, छापील प्रतीवर. पण आधी ऐकून वाक्यं सरळ झालेली असल्यामुळे तिला वेळ कमी लागतो, मान वाचते.

आकड्यांची रड अजून आहे. 'परिच्छेद त्रेपन्न' म्हटलं की व्हिस्पर भलतंच ऐकतं, 'पन्नास तीन' बरोब्बर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! घरात आता मी तेच बोलते.

भाच्याला पुढची हौस आहे, सहायकाने वाक्य सुधारूनही सुचवावं. मी सांगितलंय, आधी 'इ. स.' मधल्या टिंबांवर दोनदा दम खाणं बंद कर, आणि 'पृ.' चं 'पृष्ठ' वाच. मग बघू.