नऊ महिने मिक्सरला: जवस, सोले आणि पावणेदोनशे व्होल्ट

जुना मिक्सर गेला तो दसऱ्यानंतर. 500 वॅटचा होता, 11 वर्षं वापरला. शेंगदाण्याचा कूट करत होते. आधी जळका वास आला, मग खालच्या जाळीतून निळसर धूर, आणि तो जो बसला तो बसलाच. दारव्ह्याच्या मेकॅनिकनं उघडून दाखवलं, आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा तारांचा भाग, काळंठिक्कर पडलं होतं. "नवं टाकून देतो वहिनी, पण अकराशे लागतील. अन् भांडे बी तुमचे झिजलेच हायेत," म्हणाला. म्हणजे नवा घेणं आलं.

दुकानात जायच्या आधी त्यालाच विचारलं, की कोणत्या मिक्सरचे कपलर, ब्रश आणि भांड्याचे बुश तुझ्याकडे कायम असतात? (कपलर म्हणजे मोटारीला भांड्याच्या पात्याशी जोडणारी चकती, ब्रश म्हणजे मोटारीतले कार्बनचे तुकडे, आणि बुश म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी.) त्यानं तीन नावं सांगितली. पुण्याच्या नणंदेनं मोबाईलवर पाठवलेल्या चारपैकी तीन मिक्सर तिथेच कटले. चांगले नसतील असं नाही, पण दहा-वीस रुपयांच्या कपलरसाठी यवतमाळची एसटी धरायची, अख्खा दिवस घालवायचा आणि "सामान मागवावं लागेल" ऐकून परत यायचं, हे मला जमण्यातलं नाही.

नणंदेचा आग्रह होता त्या छोट्या, उलट्या पेल्याच्या ब्लेंडरचा. तिच्याकडे मी तो वापरून पाहिला आहे. तिघांच्या घरात, थोडा सुका मसाला आणि मुलाचं मिल्कशेक, एवढ्याला झकास. पण पेला चारही बाजूंनी बंद. परतलेला कांदा-खोबरं गरम असताना त्यात टाकलं तर वाफेला जायला वाट नाही, झाकण उडून अंगावर येतं. सात जणांच्या रश्श्याचं वाटण घाईच्या वेळी कोण थंड होऊ देतं? भिजवलेली चणाडाळ तर त्यात पात्यावर चढून बसते आणि फिरतच नाही. कणीक मळणारं मोठं यंत्रही दुकानदारानं दाखवलं. त्याचे तुकडे मोजले आणि हात जोडले. धुणार कोण?

शेवटी 750 वॅटचा, तीन स्टीलच्या भांड्यांचा घेतला, 3,200 रुपयांना. 1000 वॅटचा साडेचारशेनं महाग होता आणि दुकानदार तोच पुढे सरकवत होता. पण आमचं रोजचं दळण म्हणजे जवस, तीळ, कूट, सुकं खोबरं, सगळं तेलाचं. असल्या वस्तूला जास्त जोर आणि जास्त वेग दिला की ती तापते, तेल सोडते आणि चटणीचा लगदा होतो. वॅट म्हणजे मोटार किती वीज खाते तो आकडा. वाटण कसं होईल ते भांड्याचा आकार, पात्याची उंची आणि पातं तळाला किती चिकटून फिरतं यावर ठरतं. मी दुकानात लहान भांडं उघडून पात्याखाली बोट घालून पाहिलं, तेव्हा दुकानदार हसला. हसू दे. जुन्याचं पातं तळापासून बोटभर वर होतं, दोन चमचे जिरं टाकलं की नुसतं खाली गोल फिरायचं. डब्यावर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस 4250 हा मिक्सरच्या मानकाचा आकडा पाहिला, हमीपत्रावर तारखेचा शिक्का मारून घेतला आणि निघाले.

पहिले दोन महिने तक्रारीला जागाच नव्हती. दिवाळीची पिठीसाखर एका दमात झाली. आवाज मात्र जुन्याच्या दीडपट. सकाळी लावला की गोठ्यातली गाय कान टवकारते.

खरी परीक्षा झाली पौषात. सोल्यांचे दिवस. (विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे.) कचोरीसाठी ते जाडेभरडे लागतात, अर्धा दाणा अर्धी पेस्ट. पहिल्या दिवशी सवयीनं बटण एकवर फिरवलं आणि तीन मोजेपर्यंत हिरवं गंध तयार. सासूबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं. "इतकं बारीक कायले केलं वं? लेकराले भरवायचं हाय का?" त्या दिवशी कचोऱ्यांऐवजी आमटी झाली. नंतर कळलं, बटण डावीकडे दाबून धरायचं आणि सोडायचं, एकदोन सेकंदांचे झटके. दर तीन झटक्यांनी चमच्यानं खालचं वर करायचं. पाचसहा झटक्यांत हवे तसे सोले होतात. हिरव्या मिरचीचा ठेचाही असाच, पण खरं सांगते, झटके देऊनही तो पाट्यावरच्यासारखा होत नाही. पातं मिरची कापतं, वरवंटा ती रगडतो. सासूबाई ठेचा अजून पाट्यावरच करतात आणि मी मध्ये पडत नाही. त्या कोणत्याही मिक्सरला जुन्या कंपनीच्या नावानं "सुमीत" म्हणतात, ह्यालाही. "तुह्या सुमीतले ठेचा येत नाही" हा त्यांचा अंतिम निकाल आहे.

त्याच महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, कढी-गोळ्यांचा बेत. भिजवलेली चणाडाळ मधल्या भांड्यात भरली, गोळे फुटू नयेत म्हणून पाणी घातलंच नाही, आणि मिक्सर लावला. तो नेहमीसारखा किंचाळला नाही, घुंऽऽ करत कण्हल्यासारखा फिरला आणि अर्ध्या मिनिटात बंद. हात लावला तर बूड चांगलंच गरम. तीन महिन्यांत हाही गेला म्हणून माझ्या पोटात गोळा आला. ह्यांनी शेतातल्या मोटरीचा मीटर आणून बोर्डात लावला. 174 व्होल्ट. असायला हवेत 230. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देणं सुरू होतं, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांचा भार, संध्याकाळी आमच्याकडे दिवेही पिवळे पडतात.

मेकॅनिकनं नंतर समजावून सांगितलं ते मनाला पटलं. मिक्सरच्या मोटारीला थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. व्होल्टेज कमी, की मोटार हळू फिरते. मोटार हळू, की पंखाही हळू. डाळ मात्र तेवढीच घट्ट, म्हणून मोटारीला झटायला तेवढंच लागतं. म्हणजे उष्णता निघते आणि वारा मिळत नाही. जुना मिक्सर बहुतेक असाच मेला, एका दिवसात नाही, 11 हिवाळ्यांत. नव्याला बुडाशी लाल बटण आहे, जास्त भार आला की सुटून वीज तोडणारं, ते वेळीच सुटलं म्हणून वाचला. उलटा करून दहा मिनिटं ठेवला, बटण दाबलं, चालू. तोवर पाहुणे आले होते आणि अर्धी डाळ पाट्यावर झाली होती. तेव्हापासून डाळीचं काम सकाळी, दिवे पांढरे असताना. अर्धंच भांडं भरते, दोन चमचे पाणी घालतेच, आणि मिनिटभर चालवून थोडं थांबते. इन्व्हर्टरवर मिक्सर लावायचा नाही, हे पोरांनाही बजावून ठेवलं आहे. आमचा पंख्या-दिव्यांपुरताच आहे.

वीजबिलाची भीती घरातल्या पुरुषांनी आधीच घातली होती, 500चा 750 झाला म्हणून. रोज दहा मिनिटं धरली तरी महिन्याला पावणेचार युनिट होतात. तेवढ्यावर वाद संपला.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात लहान भांडं गळायला लागलं. काळा मसाला करत होते: खोबरं, खसखस, दगडफूल, धणे. पुढच्या वेळी सांबार-लसणाची ओली चटणी केली (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, तो इडलीचा नव्हे) आणि भांडं उचललं तर खाली काळपट ओघळ. यवतमाळला गेले. काउंटरवरच्या मुलानं हमीपत्र उलटं करून बारीक अक्षरं दाखवली: मोटारीला 5 वर्षं, बाकी यंत्राला 2, पण भांडी, रबर आणि कपलर हमीत नाहीत. नवीन भांडं 480 रुपये. जे रोज झिजतं त्याचीच हमी नाही, तर मग हमी कशाची? काही न घेता परत आले. दारव्ह्यात 120 रुपयांत बुश आणि रबर बदलून मिळालं. चूक अर्धी माझी होती, हेही तिथेच कळलं. मी भांडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे. रबर झिजलेलं असलं की ते पाणी पात्याच्या दांड्यातून बुशात उतरतं, गंज धरतो, आणि तो काळा ओघळ म्हणजे गंज नि ग्रीस. आता भांड्यात पेलाभर पाणी आणि थेंबभर साबण घालून एक झटका देते, ओतते, आणि पालथं घालते. चार महिने झाले, गळलं नाही.

मिरची आणि हळद मी याच्यात घालतच नाही. वर्षाची भिवापुरी मिरची कांडपावर जाते, हळकुंडं गिरणीवर. शेजारच्या काकूंनी हळकुंड मिक्सरमध्ये टाकून पात्याचा कोपरा उडवला, तो तुकडा अजून सापडलेला नाही. आंब्याच्या रसालाही फक्त झटके. वेगात फिरवला की फेस येतो, रंग फिकट होतो, आणि अखजीच्या (अक्षय तृतीयेच्या) ताटात तो रस कोणाला गोड लागत नाही.

एक खर्च दुकानात कोणी सांगत नाही. प्लग तीन पिनांचा, आणि आमच्या स्वयंपाकघरातला जुना बोर्ड बिनअर्थिंगचा. ओल्या हातानं स्टीलचं भांडं धरलं की कधीकधी मुंग्या यायच्या. वायरमनला बोलावून अर्थिंग ओढून घेतली, 700 रुपये गेले. मिक्सरच्या किमतीत तेही धरा.

गेल्या आठवड्यात पहिला कपलर तुटला, कूट करतानाच. मोटार सुसाट फिरतेय आणि भांड्यातलं पातं जागचं हलत नाही, असं झालं की समजायचं कपलरच गेला. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, पातं अडकलं तर आधी त्यानं तुटावं, मोटारीवर येऊ नये. मसाल्याच्या डब्याशेजारी काडेपेटीत मी दोन आणून ठेवलेच होते. आमच्याचे आटे उलटे आहेत, सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवावं लागतं. हे माहीत नसताना धाकट्यानं पान्यानं उलट जोर लावून तो आणखी घट्ट करून ठेवला होता. मग ह्यांनी खालून दांडा धरला, मी वरून फिरवला, आणि वीस मिनिटांनी कूट पुन्हा सुरू. काडेपेटीत आता एकच उरलाय, येत्या बाजाराला अजून दोन आणायचेत.