‘खास तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा’ डायव्हिंग मास्क: पैसे भरण्याआधी हे वाचा

फोटोवरून आणि घरी घेतलेल्या मापांवरून ‘खास तुमच्या चेहऱ्यासाठी’ डायव्हिंग मास्क घडवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने माझी फसवणूक केली आहे. चांगल्या प्रतीच्या सिलिकॉन मास्कची जी सर्वसाधारण किंमत असते, तिच्या अडीचपट रक्कम त्याने माझ्याकडून आगाऊ घेतली. त्यातील ४० टक्के ‘मापन व साचा शुल्क’ आणि ६० टक्के मास्कची किंमत, अशी विभागणी पावतीवर छापलेली आहे. प्रत्यक्षात हाती आला तो त्या रकमेच्या एक-पंचमांशात कोणालाही मिळणारा, एकाच साच्यातून निघालेला साधा मास्क. आजपर्यंत परत मिळालेली रक्कम शून्य आहे.

अशा योजना कशा चालतात हे बहुतेकांना ठाऊक असते: मोठे आश्वासन, थोड्याच दिवसांची सवलत, मग आगाऊ रक्कम. येथे त्यात एक भर होती आणि तीच सर्वांत घातक आहे. वस्तू ‘वैयक्तिक मापाची’ आहे असे एकदा पावतीवर आले की ती परत करण्याचा ग्राहकाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. ‘मापन शुल्क’ हा शब्द केवळ पैसे वाढवण्यासाठी नव्हता. पुढे मी तक्रार केल्यास मला अडवता यावे, यासाठी तो आधीच पावतीवर घालून ठेवलेला होता.

मी घाईने किंवा हौसेखातर पैसे घालवले, असे कोणी समजू नये. माझा चेहरा अरुंद आहे, गालांची हाडे वर आलेली आहेत आणि कानशिलाजवळ खोलगटपणा आहे. मध्यम आकाराचे बहुतेक मास्क मला नेमके तेथेच उघडे राहतात. मास्क कसा निवडावा हे मला प्रशिक्षणातच शिकवले गेले होते: पट्टा डोक्यामागे न घालता, वर पाहत मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवावा, सिलिकॉनची कड सगळीकडे त्वचेला टेकते का हे दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे, आणि मग नाकाने अगदी हलका श्वास आत घेऊन हात सोडावा. ही चाचणी मी दुकानातील मास्कवर प्रामाणिकपणे करत होते आणि ते मास्क तिच्यात टिकत नव्हते, म्हणूनच मापाचा मास्क मिळेल या आश्वासनाकडे मी वळले. ज्याला कोणताही मास्क बसतो त्याला या विक्रेत्याची गरजच पडत नाही. ज्यांना बसत नाही, त्यांच्याच अडचणीवर हा धंदा उभा आहे.

आता विक्रेत्याने मापांसाठी भरून घेतलेल्या अर्जाविषयी लिहिते, कारण तो आठवला की आजही माझा संताप होतो. त्यात मागितलेली मापे अशी होती: कपाळापासून हनुवटीपर्यंतची लांबी, दोन कानांमधील अंतर, डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर आणि समोरून काढलेला एक फोटो. हनुवटी! डायव्हिंग मास्कची कड कपाळावरून निघते, कानशिलांवरून गालांवर उतरते आणि नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर संपते. हनुवटीशी तिचा काडीचाही संबंध येत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी मास्क हातात धरला आहे तो हे माप मागणार नाही, आणि मी तर फूटपट्टी धरून ते दोनदा ताडून पाहिले आणि पाठवले. ज्या गोष्टी खरोखर विचारायला हव्या होत्या, त्यांतील एकही अर्जात नव्हती: नाकाची रुंदी, नाकाचा तळ आणि वरचा ओठ यांच्यामधील जागा, हसल्यावर नाकपुड्यांपासून ओठांच्या कडांपर्यंत पडणारी घडी, कानशिलाचा खोलगटपणा. समोरून काढलेल्या फोटोत खोली दिसतच नाही, आणि मास्क गळतो तो बहुतेक वेळा याच खोलगट जागांमधून. बाहुल्यांमधील अंतर मागितल्यामुळे मात्र तो अर्ज जाणकाराने तयार केल्यासारखा वाटला, कारण नंबरच्या काचा बसवताना ते माप खरोखर उपयोगी पडते. एक खरा प्रश्न तीन निरुपयोगी प्रश्नांमध्ये पेरला की सगळा अर्ज खरा दिसतो, हे त्या लोकांना पक्के माहीत होते.

दुसरा सापळा पार्सल आल्यावर लागला. ‘हमीची नोंदणी’ करण्यासाठी, पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला चिकटून राहिल्याची चित्रफीत पाठवावी आणि त्यासाठी नाकाने जोरात श्वास ओढावा, असे त्यांनी लिहिले. जोरात ओढल्यावर जवळपास कोणताही मास्क क्षणभर चिकटतो. आतली हवा कमी होते आणि बाहेरचा दाब मऊ कड चेहऱ्यावर आवळतो. चाचणीचा सगळा अर्थ श्वास हलका असण्यात आहे. मी हमीच्या आशेने चित्रफीत पाठवली, आणि पुढे तीच चित्रफीत ‘मास्क उत्तम बसल्याचा ग्राहकाने स्वतः दिलेला पुरावा’ म्हणून माझ्याविरुद्ध पुढे केली गेली. विक्रेत्याने हमीच्या नावाखाली कोणतीही चित्रफीत मागितली तर ती देऊ नका.

तलावाच्या उथळ भागात मास्क घातला तेव्हा तोंडात रेग्युलेटर (बाटलीतली हवा श्वासासाठी देणारे उपकरण) घेताच पाणी आत येऊ लागले. त्याचे माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, दातांत धरल्यावर ओठ आणि गाल ओढले जातात आणि नाकाखालची त्वचा सरकते; म्हणून दुकानातही मास्क तपासताना स्वतःचे माउथपीस तोंडात धरूनच तपासावा, हे विसरू नका. मी पट्टा आवळला तर गळती वाढली, कारण जास्त ताणामुळे कड मुडपते. पट्ट्याचे काम मास्क जागेवर ठेवणे एवढेच असते. पाणी अडवायचे ते कडेने. माझ्या प्रशिक्षकांनी केसांची बट अडकली आहे का हे पाहिले, पट्टा सैल केला, मास्क पुन्हा बसवला आणि शेवटी मला त्या मास्कसह खोल पाण्यात जाऊ देण्यास स्पष्ट नकार दिला. तो नकार योग्यच होता. नाकाशी सतत पाणी येत असलेला नवशिका माणूस घाबरून वर धावतो, आणि दाबाखालची हवा फुप्फुसात असताना श्वास रोखून वर येणे जिवावर बेतू शकते. मास्कच्या गळतीला किरकोळ गैरसोय म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

घरी येऊन मी मास्क नीट तपासला. काचेवर ‘टी’ हे अक्षर किंवा ‘टेम्पर्ड’ हा शब्द कुठेच नव्हता. टेम्पर्ड काच फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. साध्या काचेचे धारदार तुकडे थेट डोळ्यांसमोर असतात. कड सिलिकॉनची नव्हती, कडकपणाकडे झुकणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकची होती, आणि पावतीवर मात्र ‘शुद्ध सिलिकॉन’ असे लिहिले होते. खोक्यावर ‘आपल्यासाठी खास घडवलेला’ असे चिकटपत्र लावले होते. त्याची एक कड उचकटल्यावर खाली मूळ छपाई दिसली: ‘एकच आकार, सर्वांसाठी’. त्या दोन ओळींचे छायाचित्र माझ्याजवळ आहे आणि ते मी प्रत्येक तक्रारीला जोडले आहे.

विक्रेत्याने आधी सांगितले की काही दिवस वापरल्यावर कड चेहऱ्याचा आकार घेते. हे धादांत खोटे आहे. खरे सिलिकॉनसुद्धा लवचिक असते, म्हणजे दाबल्यावर वाकते आणि सोडल्यावर पूर्वीच्या आकाराला परत येते. अंगाच्या उबेने त्याचा नवा साचा बनत नाही. पहिल्या दिवशी बसत नाही तो मास्क कधीच बसत नाही. मग त्यांनी ‘स्वच्छतेच्या कारणास्तव’ परत घेता येत नाही असे कळवले, त्यानंतर ‘वैयक्तिक मापाची वस्तू’ हे कलम दाखवले, आणि शेवटी ‘सद्भावना म्हणून’ मास्कच्या किमतीच्या १५ टक्के, म्हणजे मी भरलेल्या एकूण रकमेच्या ९ टक्के, देऊ केले; अट अशी की मी सर्व तक्रारी लेखी मागे घ्याव्यात. मी नकार दिला.

ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांचा अनुभव याहून कडू आहे. ज्या विक्रीमंचावर हा व्यवहार झाला त्याने चित्रफीत पाहून दोन ओळींत प्रकरण बंद केले. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात मला ‘पोहायचा चष्मा ना?’ असे विचारण्यात आले. पोहण्याच्या चष्म्यात नाक बाहेर असते, म्हणून त्यातला दाब समतोल करता येत नाही. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि आतल्या जागेत नाकाने हवा सोडता आली नाही तर डोळ्यांभोवतीच्या आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटू शकतात. मास्कमध्ये नाक आत असते ते यासाठीच. हे सर्व मी लेखी समजावले. उत्तर आले की ‘बसणे’ ही व्यक्तिसापेक्ष बाब आहे. मी पुन्हा लिहिले की माझी मुख्य तक्रार बसण्याची नाहीच. सिलिकॉन सांगून पीव्हीसी देणे, मापाचा सांगून एकाच साच्यातला देणे आणि काचेवर कोणतीही खूण नसणे ही आहे, आणि डायव्हिंग मास्कसाठी ईएन १६८०५:२०१५ असे युरोपीय मानकही अस्तित्वात आहे. त्यावर माझ्याच खर्चाने तज्ज्ञाचा दाखला आणण्यास सांगण्यात आले, ज्याचे शुल्क माझ्या बुडालेल्या रकमेपेक्षा जास्त होते. फसवणूक झालेल्या माणसाने आणखी पैसे घालून आपण फसलो हे सिद्ध करावे आणि फसवणाऱ्याने मात्र एक चिकटपत्र लावून निवांत राहावे, ही कोणती पद्धत? खोक्यावरच्या दोन परस्परविरोधी ओळी वाचायला कोणता तज्ज्ञ लागतो? सायबर तक्रार घेणाऱ्यांनी ‘वस्तू मिळाली आहे, म्हणजे फसवणूक नाही’ असे सांगून अर्जच स्वीकारला नाही. बँकेने ‘व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला’ हे एकच वाक्य मला वेगवेगळ्या पत्रांतून पाठवले.

फ्रीडायव्हिंग, म्हणजे एकाच श्वासावर बुडी, करणाऱ्यांना वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण याच विक्रेत्याच्या यादीत ‘फ्रीडायव्हिंगसाठी खास’ म्हणून हाच मास्क वेगळ्या रंगात अधिक किमतीला लावलेला आहे. तुमच्याकडे बाटलीतली हवा नसते; मास्कमधला दाब समतोल करायला जाणारी हवा तुमच्या एकाच श्वासातून जाते. मास्कच्या आत १०० मिलिलिटर जागा असेल तर ३० मीटरवर, जेथे दाब चौपट असतो, तेथे तो समतोल ठेवायला पृष्ठभागावरच्या मापाने आणखी ३०० मिलिलिटर हवा लागते. म्हणून आतली जागा कमी असलेला, काच डोळ्यांच्या जवळ असलेला मास्क घ्यावा, आणि गळका मास्क तर मुळीच चालणार नाही, कारण पाणी काढायलाही तोच श्वास खर्च होतो. कड काळी की पारदर्शक, हा प्रकाशाचा आणि आवडीचा प्रश्न आहे; त्यावर जास्त पैसे मागणाऱ्याला उत्तर देऊ नका. संपूर्ण चेहरा झाकणारे, श्वासाची नळी जोडलेले स्नॉर्केल मास्क खोल बुडी मारण्यासाठी विकणाऱ्यांपासूनही दूर राहा; बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, आणि मग कानांतला दाब समतोल करणार कसा? नाकाचा कप्पा हातमोजा घालून दाबता येतो का, आणि भुवयांमध्ये मास्कची कडक चौकट रुतते का, हे दुकानातच पाहा.

ज्यांनी अशा ठिकाणी नुकतेच पैसे भरले आहेत, त्यांनी खोके आणि त्यावरची चिकटपत्रे जपून ठेवावीत, उघडतानाच छायाचित्रे घ्यावीत आणि विक्रेत्याशी बोलणे फक्त लेखी ठेवावे. कार्डाने पैसे दिले असतील तर व्यवहार उलटवण्याची मागणी मुदतीच्या आत करावी. ती मुदत उलटावी म्हणूनच विक्रेता ‘थोडे दिवस वापरून पाहा’ असे सुचवतो. त्या अर्जात ‘मास्क बसत नाही’ असे चुकूनही लिहू नये, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असे लिहावे. माझे पहिले पत्र ‘मास्क बसत नाही’ या शब्दांवरून फेटाळले गेले, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या शब्दांत लिहिलेले दुसरे पत्र मात्र बँकेने नोंदवून घेतले आहे आणि त्यावरचा निर्णय अजून यायचा आहे.